घरातली बंदूक : गढीच्या जंग्यांपासून कपाटाच्या चावीपर्यंत

(जळकोट इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

इतिहासाच्या व्याख्यानाला बंदुकीचा विषय म्हटलं की लोकांना वाटतं, आता लढाया येणार, तोफा येणार, शौर्य येणार. थोडं येईल. पण मला बोलायचंय ते लढाईतल्या बंदुकीबद्दल नाही. जी बंदूक घरात असते, माजघराच्या भिंतीला खुंटीवर लटकलेली, कपाटावर गोधडीत गुंडाळलेली, तिच्याबद्दल बोलायचंय. ती कुणामुळं आली, का राहिली, आणि आता तिचं करायचं काय? आपल्या भागात परवान्याची बंदूक असलेली घरं आजही आहेत. काहींच्या आजोबांची होती, काहींनी रानडुकरासाठी घेतली. आणि गंमत अशी की त्या घरातल्या बायकांना विचारलं, परवाना कुणाच्या नावावर आहे, कधी संपतो, काडतुसं किती आहेत, तर बऱ्याच वेळा उत्तर येतं, "ते त्यांचं ते बघतात." माझा सगळा मुद्दा या एका वाक्याभोवती आहे. घरात बंदूक एकाची असते, पण तिच्यासोबत राहतं सगळं घर.

आता जरा मागं जाऊ. तुम्ही आपल्याकडच्या जुन्या गढ्या बघितल्या असतील. बऱ्याच पडल्यात, पांढऱ्या मातीचे ढीग झालेत, लोकांनी माती नेली. पण जिथं भिंत शाबूत आहे तिथं नीट बघा, बुरुजाच्या वरच्या अंगाला अरुंद, तिरप्या फटी दिसतील. आतून रुंद, बाहेरून चिंचोळ्या. त्यांना जंग्या म्हणतात. आतल्या माणसानं बंदुकीची नळी त्यातून बाहेर काढायची, बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. म्हणजे देशमुखाचं, पाटलाचं घर बांधतानाच गवंड्यानं बंदुकीची जागा धरलेली होती. धान्याला बळद, देवाला देवळी, तशी बंदुकीला जंगी. आणि त्याच गढीत लेकरं खेळत होती, बाळंतपणं होत होती. गढी म्हणजे किल्ला नव्हे, ते राहतं घर होतं, हे आपण विसरतो.

आणि भीतीला कारण होतं. इथून जवळच उदगीर. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा तिथं पराभव केला. त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पलटणीनं मोठं काम केलं. पुढच्याच जानेवारीत हेच गारदी पानिपतावर होते. पण फौजा येतात आणि जातात. त्यांच्या मागं उरतात ते सुटे शिपाई, पेंढारी, पगार थकलेले सैनिक. निजामाच्या राज्यात पुढं अरब आणि रोहिले नोकरीला होते, त्यातले काही सावकारी करायचे, आणि वसुलीला हत्यार घेऊन दारात बसायचे. अशा मुलखात घरात एखादी बंदूक असणं हे श्रीमंतीचं लक्षण होतं तसं नाइलाजाचंही होतं.

ती बंदूक कुठली? ठासणीची. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधी किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. मागं टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते, ठिणगी आत जाते, बार होतो. हे करायला वेळ लागतो. चोर दारात आल्यावर तुम्ही ठासत बसणार का? नाही. म्हणून ती आधीच ठासून ठेवायची. आणि एकदा ठासली की रिकामी कशी करणार? ठासलेलं परत उपसणं हे कटकटीचं आणि धोक्याचं काम. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बार काढणं. पण रोज सकाळी उठून कोण बार काढणार, दारू काय फुकट येते? म्हणून भरलेली बंदूक आठवडे आठवडे, कधी महिनोन् महिने खुंटीवर तशीच.

म्हणजे बघा, भरलेली बंदूक घरात टांगून ठेवणं ही त्या यंत्राची मजबुरी होती. पुढं काडतुसाची बंदूक आली. एकनळी, दुनळी, बारा बोअर. (बारा बोअर म्हणजे काय हे बरेच जण विचारतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी होईल, तेवढं नळीचं तोंड. बस्, एवढंच.) ही बंदूक मधून मोडते, काडतूस घालायला आणि काढायला दोन सेकंद लागतात. तिला भरून ठेवायचं काहीएक कारण नाही. यंत्र बदललं, सवय बदलली नाही. नातवाच्या हातात दुनळी आली तरी तो ती आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीसारखीच भरून टांगत राहिला. घरातल्या बंदुकीनं जे अपघात होतात, त्यातल्या बऱ्याच अपघातांत "मला वाटलं रिकामी आहे" हे वाक्य असतं. त्या वाक्याचं मूळ मला या जुन्या सवयीत दिसतं.

आता कायद्याकडं. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही, आणि गोऱ्यांना मात्र सवलत. या अपमानाबद्दल पुढच्या पन्नास वर्षांत खूप बोललं गेलं. इतकं, की १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. आपल्याकडं मात्र इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात, कंधार नांदेड जिल्ह्यात. इथं शस्त्र कुणाकडं असावं हे हैदराबादचं सरकार ठरवणार.

आणि मग आलं १९४७-४८. हे वर्ष मराठवाड्यात पुस्तकातून नाही, घरातून माहीत असतं. कासीम रझवी हा रझाकारांचा म्होरक्या मूळ वकील, आणि वकिली करायचा आपल्या लातुरात. त्यानं रझाकार संघटना वाढवली तसं गावोगावी हत्यार दिसायला लागलं. संस्थानाला बाहेरून शस्त्रं आणायची होती. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक विमानानं कराचीहून हैदराबादला शस्त्रं पोचवत होता, हे आता जगजाहीर आहे. दुसऱ्या बाजूनं स्टेट काँग्रेसनं सरहद्दीपलीकडं कॅम्प उभारले होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, त्यात सत्याग्रही होते तसे सशस्त्र तुकड्यांमधले तरुणही होते. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर १९४८ च्या जानेवारीत छापा पडला तो लढ्याला पैसा लागत होता म्हणून.

खेड्यातल्या साध्या कुटुंबाची अवस्था काय होती? ज्यांच्याकडं बंदूक होती त्यांनी ती लपवली, कारण ती जप्त व्हायची किंवा तिच्यासाठी घर लुटलं जायचं. बळदात धान्याखाली, माळवदाच्या मातीत, कडब्याच्या गंजीत लपवलेल्या हत्यारांच्या गोष्टी जुनी माणसं सांगतात. ज्यांच्याकडं नव्हती ते रात्री गाव सोडून रानात झोपायचे. बंदुकीनं प्रत्येक वेळी घर वाचवलं असं नाही. काही वेळा बंदुकीमुळंच घरावर संकट आलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. १७ सप्टेंबर आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा. पण त्याच्या पुढचे आठवडेही इतिहासाचाच भाग आहेत, आणि ते आपण सहसा बोलत नाही. मी बोलणार आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. ज्या शेजाऱ्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता तेही त्यात मारले गेले. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या गटाला पाहणीला पाठवलं. तो गट नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरात फिरला. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे, आणि सगळ्यात जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ही चार नावं आहेत. म्हणजे आपणच. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. त्यातली एक नोंद आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे: मुसलमान वस्त्यांतली शस्त्रं काढून घेतली गेली, आणि हिंदूंकडची पुष्कळ ठिकाणी तशीच राहू दिली. हत्यार कुणाकडं आहे आणि कुणाकडून काढून घेतलं, यावर त्या आठवड्यांत जगणं-मरणं ठरत होतं.

आणि योगायोग बघा. हा गट आपल्या भागात फिरत होता, अगदी त्याच सुमारास, डिसेंबर १९४८ मध्ये, दिल्लीत संविधान सभेत शस्त्राच्या हक्कावर चर्चा झाली. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की कराचीच्या ठरावाप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, सभेनं ती फेटाळली. म्हणून अमेरिकेसारखा शस्त्राचा घटनादत्त हक्क आपल्याकडं नाही. आपल्याकडं परवाना आहे. तो मागावा लागतो, कारण सांगावं लागतं, आणि तो काढूनही घेता येतो. मला विचाराल तर, ज्या वर्षी ही चर्चा झाली ते वर्ष आणि आपल्या मुलखाचा त्या वर्षीचा अनुभव बघता, सभेनं केलं ते बरोबर केलं. कामतांचा मुद्दा पोकळ नव्हता बरं का. गुलामीत निःशस्त्र केल्याचा सल खरा होता. पण सल वेगळा आणि कायदा वेगळा.

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. या कायद्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. कलम तेरामध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. हा तालुका डोंगरी. इथं रानडुक्कर एका रात्रीत भुईमुगाचं, ज्वारीचं काय करतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण एक गैरसमज काढून टाका. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे. डुक्कर असो, रोही असो, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर तुमचा बंदुकीचा परवाना तुम्हाला वाचवत नाही. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज वनखात्याकडं करता येतो. वेळखाऊ आहे, मान्य. आणि ते स्फोटक गोळे, जे काही जण बांधावर डुकरासाठी ठेवतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ते डुक्कर ओळखत नाहीत, लेकरूही ओळखत नाहीत.

आता घरात येऊ. इतिहास इथवर ऐकलात, थोडं संसाराचंही ऐका.

पहिली गोष्ट भरून ठेवण्याची. ती ठासणीच्या जमान्यातली सवय आजच सोडा. बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. दोन्ही चाव्या एकाच खुंटीवर टांगल्या तर काही उपयोग नाही. बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा मोडून नळीत बघायचं, आत्ताच रिकामी केली असली तरी. दुसऱ्याच्या हातात देताना उघडी द्यायची. नळी माणसाकडं करायची नाही, बोट चापावर ठेवायचं नाही. बांध ओलांडताना, कुंपणातून जाताना काडतूस बाहेर काढायचं, मग पलीकडं जायचं. ठासणीची असेल तर ती ठासलेली घरात आणायचीच नाही. सुरक्षित ठेवण्याची हमी २०१६ च्या नियमांप्रमाणं अर्जदार स्वतः लिहून देतो. सही करताना वाचलं नसेल, तर आज घरी जाऊन वाचा.

दुसरी गोष्ट लेकरांची. आपल्याला वाटतं लपवली की झालं. अहो, दिवाळीच्या आधी लाडवाचा डबा कुठं लपवला होता हे तुमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं? लेकरांना सगळं माहीत असतं. त्यांना बंदुकीची भीती घालू नका, भीतीनं कुतूहल वाढतं. साधं सांगा: कुठं दिसली, आपल्या घरी किंवा मित्राच्या घरी, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. आणि एकदा सांगून भागत नाही. खंडेनवमीला बंदूक बाहेर निघते, पुसली जाते, हळदीकुंकू लागतं. वर्षातून तेवढा एक दिवस सगळं घर ती जवळून बघतं. सांगायला तो दिवस चांगला. आणि पूजेत मांडायच्या आधी नळी उघडून बघायची, देवापुढं आहे म्हणून सोडायची नाही.

एकवीस वर्षांखालच्या मुलाला कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणाची वेगळी तरतूद आहे, ते खेळाचं झालं. आणि एकवीस वर्षांचा झाला तरी परवाना बापाचा आहे. बाप गावाला गेलाय आणि पोरगा बंदूक घेऊन राखणीला गेला, हे आपल्याकडं सर्रास चालतं. ते बेकायदा आहे. त्याचं नाव परवान्यावर रीतसर चढवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

लग्नाच्या वरातीत बार काढणं. २०१९ च्या दुरुस्तीनं यावर स्पष्ट शिक्षा आली: आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेला छर्रा खाली येतो, एवढं तर शाळेत शिकलोय आपण. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. मुदत वाढली म्हणून विसरण्याची शक्यताही वाढली. मुदत संपलेला परवाना म्हणजे घरात बेकायदा शस्त्र.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण मराठवाड्यात बोलताना ती टाळली तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. नापिकी झाली, कर्ज झालं, पोरीचं लग्न मोडलं, माणूस गप्प झाला, जेवेना, रात्री झोपेना, किंवा दारू वाढली. अशा वेळी घरातल्यांनी पहिलं काम काय करायचं? बंदूक घराबाहेर काढायची. कायद्यानं ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करता येते, पावती मिळते, नंतर परतही मिळते. निवडणुकीच्या वेळी अनेकांच्या बंदुका अशा जमा होतातच, त्यात कुणाची अब्रू जात नाही. तेच आपण आपणहून करायचं. त्या माणसाशी भांडून नाही, त्याला बोलतं करून. "दादा, थोडे दिवस ठाण्यात ठेवू, मला रात्रीची झोप लागत नाही," असं त्याच्या बायकोनं, भावानं म्हणावं. मनातला तो वाईट क्षण बऱ्याच वेळा निघून जातो. तो जाईपर्यंत हाताशी काही नसावं. कीटकनाशकाच्या डब्यांनाही हेच लागू आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या. माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरकडं न्या.

शेवटची गोष्ट माझ्या बहिणींसाठी. घरधनी वारला. तेराव्यापर्यंत कुणाला भान नसतं. मग वर्ष जातं. बंदूक तिथंच गोधडीत. एक दिवस चौकशी येते आणि कळतं, परवाना मयताच्या नावावर, शस्त्र आपल्या ताब्यात, म्हणजे गुन्हा आपल्यावर. कायद्याचं कलम एकवीस सांगतं, की ताबा बेकायदा झाला की विनाविलंब शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं, आणि हे वारसांनाही लागू आहे. जमा केल्यानं हक्क जात नाही. वारसाला स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो, किंवा रीतसर विकता येते. आणि मालक हयात असतानाही सोय आहे: वयाची सत्तर वर्षं झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून, वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. म्हणून आज घरी गेल्यावर एक कागद करा. परवान्याचा नंबर, त्यावरचा यूआयएन, मुदत, बंदुकीचा नंबर, काडतुसं किती, चावी कुठं. शिधापत्रिका जिथं ठेवता तिथं तो ठेवा, आणि घरातल्या बाईला वाचून दाखवा. काडतुसं मोजून लिहा, अंदाजे नको.

जुनी, हिरवट चढलेली काडतुसं सापडली तर ती वाजवून बघू नका, चुलीत टाकू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. ठाण्यात कळवा. माळवद उतरवताना, बळद फोडताना एखादं बिनपरवान्याचं जुनं हत्यार सापडलं, आणि आपल्या भागात ते सापडू शकतं, तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलाला साक्षीला घ्या आणि मग ठाण्यात कळवा. आजोबांची आठवण म्हणून कोनाड्यात ठेवू नका. त्याला धरून मोबाईलवर स्टेटसही ठेवू नका. ठासणीची असेल तर तिला हातही लावू नका, कारण १९४८ साली लपवताना ती कुणी रिकामी केली असेल याची काहीच खात्री नाही.

बरं, माईक मागं द्या. मधल्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.